साइडपट्टी

मागच्या आश्विनात, दिवाळीला आठेक दिवस उरले असताना, संध्याकाळी अकोल्याहून मूर्तिजापूरला निघालो होतो. बोरगाव मंजू मागे पडलं तेव्हा सात वाजून गेले होते, आणि त्या दिवसांत सात म्हणजे मिट्ट काळोख. गाडीच्या उजेडात रस्त्यावर बाभळीची एक फांदी दिसली. भर रस्त्यात फांदी म्हणजे काय, हे आमच्याकडच्या कुठल्याही गाडीवाल्याला सांगावं लागत नाही. पाय आपोआप ब्रेकवर गेला. फांदीच्या पुढे ओळीनं मांडलेले तीन दगड, आणि दगडांच्या पुढे वीसएक पावलांवर एक काळा ढीग. मागचा दिवा नाही, इंडिकेटर नाही. ताडपत्रीचं सुटलेलं टोक फाळक्यावरून खाली लोंबत होतं आणि त्याच्याखाली रेडियमची पट्टी झाकून गेली होती.

गाडी पुढे नेऊन लावली आणि चालत मागे आलो. मागच्या जोडचाकातलं आतलं टायर फुटलं होतं. ड्रायव्हर जॅकच्या दांड्यावर वाकलेला, क्लीनर पोरगं मोबाइलचा उजेड धरून बसलेलं. अकोल्यातून सरकीची ढेप भरून नागपूरकडे निघाले होते.

‘‘साइडले नाही घेता आली का भाऊ?’’

‘‘कुठी घेऊ साहेब? हे डांबर संपलं का माती. परवा पानी झालं. मातीत चाक गेलं तं क्रेनबिगर निंघत नाही, अन् क्रेनचे पैसे मालक माह्याच पगारातून कापते.’’

‘‘अन् मागचे दिवे?’’

‘‘वायर तुटली. सकाळी पाहू म्हनलं व्हतं.’’

तो खोटं बोलत नव्हता. मी पांढऱ्या पट्टीजवळ उभा राहून पाहिलं. त्याची डावीकडची चाकं डांबराच्या अगदी कोरेवर होती, त्यापलीकडे टाच रुतेल अशी ओली काळी माती. तरीही ट्रकचा चांगला मोठा भाग चालत्या लेनमध्ये होता.

याचं गणित सोपं आहे. आपल्याकडे ट्रकची कायद्यानं मान्य असलेली कमाल रुंदी २.६ मीटर. महामार्गाची एक लेन ३.५ मीटर. लेनच्या बाहेर, पांढऱ्या रेषेपलीकडे जी डांबरी पट्टी असते, ती कामाकामाप्रमाणे दीड ते अडीच मीटरची. इंजिनियर तिला शोल्डर म्हणतात, आपण साइडपट्टी म्हणतो. पट्टी दीड मीटरची असेल तर ट्रक कितीही कडेला लावा, मीटरभराहून जास्त अंग लेनमध्ये राहणारच. अडीच मीटरच्या पट्टीवरही तो पुरता मावत नाही. त्या रात्री ड्रायव्हरनं जेवढं करता येईल तेवढं केलं होतं, आणि तरी तो मागून येणाऱ्या प्रत्येकासाठी भिंत होऊन उभा होता.

जड वाहनांच्या अपघातांवर बोलताना आपण वेगावर बोलतो, दारूवर बोलतो, डुलकीवर बोलतो. ते सगळं खरं आहे. पण या रस्त्याच्या कडेला वाढलेला माणूस म्हणून मला वेगळी गोष्ट सांगायची आहे. वऱ्हाडात लहान गाडीवाल्याचा जीव साइडपट्टीवर अवलंबून असतो, आणि रस्ता मोजताना आपण फक्त लेन मोजत आलो.

आमची माती कपाशीला सोनं आणि रस्त्याला वैरी. पाणी प्यायली की ती फुगते, उन्हाळ्यात आटते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दरवर्षी हे श्वास घेतल्यासारखं चालू. वरचा डांबराचा थर हा श्वास सोसत नाही. आधी कोर तुटते, मग कोरेशेजारचा मुरूम पावसानं वाहून जातो, आणि डांबर आणि माती यांच्यात वीतभर पायरी तयार होते. ट्रकच्या चाकाला ती पायरी जाणवत नाही. स्कूटरचं चाक तिथं गेलं की हँडल हातातून निसटतं.

मी सातवीत असताना असाच पडलो. वडील शिक्षक होते, शाळेच्या गावाहून मूर्तिजापूरला त्यांच्या स्कूटरवर मागे बसून येत होतो. रस्ता तेव्हा दोनच गाड्यांचा. समोरून एक ट्रक दुसऱ्या ट्रकला ओव्हरटेक करत आला, डिप्पर मारत, म्हणजे ‘तू बाजूला हो’ असं सांगत. वडील बाजूला झाले. साइडपट्टीची पायरी, चाक फिरलं, आणि आम्ही दोघं बाभळीच्या काट्यांत. मला खरचटलं. वडिलांचा उजवा खांदा निखळला. तो बसवला, पण फळ्यावर डोक्याच्या वर लिहायला त्यांचा हात नंतर कधीच नीट गेला नाही. वरच्या दोन ओळी ते मुलांकडून लिहून घ्यायचे. ट्रकनं आम्हाला स्पर्शही केला नव्हता. त्याच्या ड्रायव्हरला आम्ही पडलो हे कळलंही नसेल. त्या अपघाताची कुठं नोंद नाही. कुठल्या आकड्यात तो आला असता तर ‘स्वतःच घसरून पडले’ या रकान्यात आला असता. ट्रक आणि लहान गाडी यांच्या हिशेबातले किती अपघात असे बिनटकरीचे असतील, याचा विचार मी आजही करतो.

हा रस्ता म्हणजे जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६. आमच्या तोंडी अजून ‘सहा नंबर’च आहे, कागदावर तो २०१० च्या फेररचनेनंतर ५३ झाला. पश्चिमेला गुजरातचं हजिरा बंदर, पूर्वेला ओडिशाचं पारादीप, आणि मधोमध धुळे, जळगाव, मलकापूर, खामगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती, नागपूर, रायपूर. सुरतेचं कापड, भिलाई-रायपूरचं लोखंड, सगळं आमच्या दारावरून जातं. अमरावती ते अकोला हा तुकडा चौपदरी करण्याचं काम वर्षानुवर्षं रखडलं. खड्डे असे की लोक दर्यापूरमार्गे वळसा घालून जायचे.

मग जून २०२२ उजाडला. ३ जूनला सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी काम सुरू झालं आणि ७ जूनला संध्याकाळी ५ वाजता थांबलं. १०५ तास ३३ मिनिटं सलग. अमरावती जिल्ह्यातल्या लोणीपासून अकोला जिल्ह्यातल्या मान्यापर्यंत एका लेनचा ७५ किलोमीटर डांबरी थर. ‘राजपथ इन्फ्राकॉन’ ही कंपनी आणि सातशेवीस माणसं पाळ्या लावून राबत होती. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा, २५.२७५ किलोमीटरचा, तो मोडला आणि गिनीज बुकात आमच्या गावांची नावं गेली. जूनच्या पहिल्या आठवड्यात मूर्तिजापूरचं ऊन काय असतं ते ठाऊक असलेल्या माणसाला त्या उन्हात दीडशे अंशाचं डांबर पसरणाऱ्यांबद्दल आदरच वाटेल. मला आजही तो अभिमान आहे.

पण रस्ता गुळगुळीत झाला आणि एक गोष्ट बदलली. खड्ड्यांच्या काळात सगळे सारखेच हळू होते. ट्रक तीसनं, कार तीसनं, मोटरसायकल तीसनं. आता चौपदरी महामार्गावर कारला ताशी शंभर आणि मालवाहू गाडीला ऐंशी किलोमीटरची मर्यादा आहे. पुरा भरलेला ट्रक चढावर चाळीसवर येतो, मोटरसायकल पन्नाससाठनं जाते, कापसाचा ट्रॅक्टर वीसनं, आणि बैलबंडी बैलांच्या मर्जीनं. हे सगळे एकाच डांबरावर. जीव घेतो तो दोन गाड्यांच्या वेगांतला फरक. नव्या रस्त्यानं वेग वाढवला तसा हा फरकही वाढवला, आणि हळू चालणाऱ्याला वेगळी वाट मात्र तुटक-तुटकच दिली. सर्व्हिस रोड गावापाशी सुरू होतो आणि गाव संपलं की संपतो. शेत मात्र गावाच्या पुढेच असतं.

दिवाळीचे दिवस यात सगळ्यात वाईट. बाहेरच्या माणसाला वाटतं, गर्दी सणाची. सणाची असतेच, पण त्याच पंधरवड्यात सोयाबीन बाजार समित्यांकडे निघतं, पहिल्या वेचणीचा कापूस जिनिंगकडे निघतो, आणि वरूड-मोर्शीकडून आंबिया बहाराच्या संत्र्याचे ट्रक उतरू लागतात. अकोल्याच्या डाळ मिलांना तूर लागते, तिथली ढेप देशभर जाते. पारसच्या वीज केंद्रातून आणि नांदगावपेठच्या वीज प्रकल्पातून राख वाहणारे बल्कर बारमाही आहेतच. मेटॅडोरमध्ये भरलेला कापूस दोन्ही बाजूंनी फुगतो, इतका की मागच्याला गाडी दिसत नाही, एक पांढरा डोंगर हलताना दिसतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे दिवा असणं ही आमच्याकडे अपवादाची गोष्ट. आणि या सगळ्यांच्या मधून भाऊबीजेला निघालेली मोटरसायकल: पुढे टाकीवर लहान मूल, मागे बायको, तिच्या मांडीवर दुसरं मूल, हँडलला चिवड्याचा स्टीलचा डबा. सगळ्यांत मिळून हेल्मेट असलं तर एक. पूर्वी हेच कुटुंब एसटीनं जायचं. २०२१ च्या दिवाळीत सुरू झालेला संप पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. त्या काळात आमच्याकडच्या कित्येक घरांनी एसटीची सवय सोडली ती सोडलीच, असं मला आजूबाजूला पाहून वाटतं.

इथं शकुंतला आठवल्याशिवाय राहवत नाही. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला आणि एक अचलपूरला जाणारी ती अरुंद रुळांची गाडी कापसासाठीच बांधली होती. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन तिनं १९९४ पर्यंत वापरलं. गाड्या हळूहळू बंद पडल्या. ती धीमी होती म्हणून आम्ही तिची चेष्टा केली, पण तिच्या डब्यात भरलेली एक एक गाठ म्हणजे रस्त्यावरचा तेवढा भार कमी होता. आज तिच्या रुळांवर गवत आहे आणि कापूस सहा नंबरवर आहे.

आता जड गाडी थांबते कशी, ते पाहू. तीन आसांच्या ट्रकचं पूर्ण भरलेलं वजन आधी २५ टनांपर्यंत चालायचं. जुलै २०१८ मध्ये सरकारनं ते साडेअठ्ठावीस टन केलं. दोन माणसांसह मोटरसायकल अडीचशे किलोच्या आसपास. म्हणजे शंभरपटीहून जास्त फरक. ताशी साठच्या वेगात गाडी दर सेकंदाला सतरा मीटर कापते. समोर काही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत सावध माणसालाही दीड सेकंद लागतो, तिथं पंचवीस मीटर गेले. ट्रकचे ब्रेक हवेचे. पायडल दाबल्यावर हवा पाइपातून शेवटच्या चाकापर्यंत पोचायला अर्धा सेकंद, आणखी आठ मीटर. मग चाकं धरू लागतात आणि ब्रेक उत्तम स्थितीत असतील तर तीस मीटरांवर गाडी उभी राहते. एकूण साठ मीटरांहून जास्त, क्रिकेटच्या तीन खेळपट्ट्या. वेग ऐंशीचा असेल तर शंभर मीटर. ट्रकपुढे उरलेल्या मोकळ्या जागेत कट मारून शिरणाऱ्या कारवाल्याला वाटतं, केवढी जागा सोडलीय यानं. ती जागा त्यानं सोडलेली नसते. ती त्याची थांबायची जागा असते, आणि आपण ती खातो.

हेच गणित उलटं लावा. मागून येणाऱ्या कारला किंवा मोटरसायकलला उभा ट्रक कधी दिसतो? खालच्या झोतात, समोरून येणाऱ्या अप्परनं डोळे दिपलेले असताना, पन्नास मीटरवर दिसला तर नशीब. त्या ढेपवाल्या ड्रायव्हरचे दगड ट्रकच्या मागे वीस पावलांवर होते. वीस पावलं म्हणजे पंधरा मीटर. साठच्या वेगात एक सेकंदही नाही. दगड दिसेपर्यंत ट्रक आलेला असतो. मला वाचवलं ते फांदीनं, आणि फांदी थोडी मागे ठेवायची बुद्धी त्या क्लीनर पोराला सुचली होती म्हणून.

आदळल्यावर काय होतं तेही सांगायला हवं, कारण ते टाळता येतं. कारची सगळी ताकद तिच्या पुढच्या भागात असते, बंपरच्या उंचीवर. ट्रकचा सांगाडा त्याहून उंच. मग बॉनेट ट्रकच्या खाली शिरतो आणि फाळका थेट काचेवर, माणसाच्या तोंडाच्या उंचीला येतो. एअरबॅग, पट्टा, सगळं खालच्या टकरीसाठी केलेलं असतं. वरून येणाऱ्या लोखंडापुढे त्याचं काही चालत नाही. यासाठी ट्रकच्या मागे जमिनीपासून जास्तीत जास्त ५५ सेंटिमीटर उंचीवर एक भक्कम आडवा दांडा असावा लागतो. त्याचं भारतीय मानक २००५ पासून आहे. बाजूनं दुचाकी चाकाखाली जाऊ नये म्हणून बाजूच्या जाळ्यांचंही मानक आहे. कधी धाब्यावर चहा पिताना उभ्या ट्रकांच्या मागे एक चक्कर मारा. कुठं दांडा वाकून वर गेलेला, कुठं पातळ पाइप नुसता वेल्डिंग करून चिकटवलेला, कुठं माल उतरवताना आड येतो म्हणून काढूनच टाकलेला. मागे लाल, बाजूला पिवळं, पुढे पांढरं रेडियम हा नियम आहे. तिथं स्वस्तातली चकचकीत पट्टी, दोन पावसाळ्यांत विटलेली. पासिंगच्या दिवशी सगळं जागेवर असतं.

शहरातली तऱ्हा वेगळी. तिथं वेग कमी, पण ट्रक वळतो. अकोल्याच्या वाशीम बायपासवर किंवा बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीपाशी पाहावं: ट्रक डावीकडे वळायच्या आधी तोंड उजवीकडे घेतो, डावीकडे फट दिसते, आणि त्या फटीत स्कूटी शिरते. ड्रायव्हर बसतो उजवीकडे, जमिनीपासून उंच. केबिनच्या डाव्या कुशीतली स्कूटी त्याला आरशात दिसत नाही, खिडकीतूनही नाही. आणि पुढची चाकं ज्या वाटेनं जातात त्या वाटेनं मागची जात नाहीत, ती आतून कापत येतात. कॉलेजला जाणाऱ्या मुलामुलींना गाडी घेऊन देताना आईवडिलांनी एवढी एक गोष्ट सांगावी: ट्रकच्या डाव्या बाजूला थांबू नकोस, तिथं तू त्याच्यासाठी नाहीसच.

देशाचा आकडा एकदा समोर ठेवतो. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातली साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवरची. राष्ट्रीय महामार्ग एकूण रस्त्यांच्या जेमतेम दोन टक्के, पण मृत्यू छत्तीस टक्के तिथं. त्याच वर्षी महाराष्ट्रात १५ हजार २२४. या गर्दीत आपल्या भागातल्या काही तारखा मला विसरता येत नाहीत.

१५ ऑक्टोबर २०२३. मध्यरात्र उलटलेली. बुलडाण्याच्या सैलानी बाबांच्या दर्ग्याहून नाशिककडे परतणाऱ्या भाविकांची टेम्पो ट्रॅव्हलर समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ जांबरगाव टोलनाक्यापाशी ट्रकवर मागून आदळली. बारा माणसं गेली. ट्रक परिवहन विभागाच्या पथकानं थांबवला होता असा आरोप झाला, गुन्हा दाखल झाला, दोन सहायक निरीक्षकांना अटकही झाली. सातशे एक किलोमीटरचा हा रस्ता, दुचाकी-तिचाकीला बंदी, बैलबंडीचा प्रश्नच नाही. एवढं सगळं वगळूनही उभा ट्रक उरलाच. १८ फेब्रुवारी २०२४, रविवार सकाळ. अमरावतीहून यवतमाळला क्रिकेटच्या सामन्याला निघालेल्या पोरांची मिनीबस नांदगाव खंडेश्वर तालुक्यात काँक्रीट मिक्सरच्या ट्रकशी धडकली. चार खेळाडू गेले.

आणि २ ऑक्टोबर २०२३. हाच सहा नंबर, बुलडाणा जिल्ह्यातलं वडनेर भोलजी. महामार्गाच्या कामावर आलेले मेळघाटातले, चिखलदरा तालुक्यातले मजूर रस्त्याच्या कडेला तात्पुरत्या निवाऱ्यात झोपले होते. पहाटे भरधाव ट्रक त्यांच्या अंगावर गेला. किमान चौघे मेले, कित्येक जखमी झाले. डांबर पसरणारे हेच हात. विक्रमाच्या बातमीत ते आकडा होऊन येतात, आणि रात्री त्यांना झोपायला त्याच रस्त्याची कड मिळते. त्यांची राहण्याची सोय रस्त्यापासून दूर, शंभर मीटर आत करायला किती खर्च येतो? हा प्रश्न मी अनेकांना विचारला आहे आणि त्याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

एवढं वाचून कुणाच्या मनात ट्रकवाल्याबद्दल राग आला असेल तर तो मला अर्धवट वाटतो. १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती लिहिलेली आहे. मालक मात्र गाडी कधी पोचते ते मोजतो, तास मोजत नाही. केबिनमध्ये वऱ्हाडाचा मे महिना असतो, खाली इंजिनची धग. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, पण रस्त्यावर धावणारे जुनेच आहेत. झोपायचं तर ट्रक लावायचा कुठं? डिझेलचोर, ताडपत्री कापणारे यांच्या भीतीनं तो उजेडाजवळ, धाब्यासमोर लावतो. धाब्याचं आवार भरलेलं असलं की साइडपट्टीवर. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रकवाल्यांनी चाकं थांबवली आणि राज्यभर पंपांवर रांगा लागल्या, ती भारतीय न्याय संहितेतल्या नव्या कलमावरून. अपघात करून न कळवता पळाल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा, हे ते कलम. सरकारनं ते अजून लागू केलेलं नाही. ड्रायव्हरांचं म्हणणं एकच होतं: थांबलो तर जमाव मारतो. ते खोटं नाही. आमच्या गावाकडे चूक कुणाचीही असो, मार मोठ्या गाडीवाल्याला. त्यातून तो पळतो, आणि रस्त्यावर पडलेला तसाच पडून राहतो. जखमीला उचलून नेणाऱ्याला पोलिसांचा त्रास होणार नाही, असं २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आणि नंतर ते मोटार वाहन कायद्यातही आलं. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत बिनपैशाचा उपचार मिळण्याची योजनाही आहे. हे धाब्यांच्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत रंगवायला हवं.

काय करता येईल, याची माझी यादी लांब नाही. ठरावीक अंतरावर ट्रकसाठी रस्त्याच्या बाहेर, काँक्रीटचा तळ असलेला थांबा. काळ्या मातीत मुरूम टाकून तो टिकत नाही. गाव संपल्यावरही शेवटच्या शेतरस्त्यापर्यंत सर्व्हिस रोड, म्हणजे दुभाजकाच्या कटाकडे उलट्या बाजूनं जाणाऱ्या बंड्या आणि मोटरसायकली कमी होतील. आज लोक रॉंग साइडनं जातात ते हौसेनं नाही. पलीकडच्या शेताला जायला बरोबर बाजूनं तीन-चार किलोमीटरचा फेरा पडतो. कापसाच्या हंगामात बाजार समितीच्या फाटकावरच प्रत्येक ट्रॉलीला मागे रेडियमची पट्टी लावून सोडावं. काही रुपयांचं काम आहे, आणि समितीनं मनावर घेतलं तर एका आठवड्यात होईल. मागच्या दांड्याची तपासणी पासिंगपुरती न ठेवता टोलनाक्यावर व्हावी. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आलं: रस्त्याच्या सदोष रचनेमुळे किंवा देखभालीमुळे माणूस मेला तर ठेकेदाराला, सल्लागाराला, संबंधित प्राधिकरणाला एक लाखापर्यंत दंड. आमच्या भागातल्या वकिलांनी हे कलम अधिक वेळा बाहेर काढावं. आणि एसटी. संध्याकाळी सातनंतर मूर्तिजापूर-अमरावतीला पुरेशा गाड्या असल्या तर ती भाऊबीजेची मोटरसायकल घरी राहील.

त्या रात्री टायर बदलायला पाऊण तास लागला. मी माझी गाडी मागे आणून, चारही इंडिकेटर लावून, फांदीच्या बऱ्याच मागे उभी केली होती. नट आवळून झाल्यावर ड्रायव्हरनं क्लीनरला हाक मारली. ‘‘गोटे उचल रे बापू.’’ मला वाटलं, तो ते शेतात फेकेल. पोरानं एकेक दगड छातीशी धरून आणला आणि केबिनखालच्या पेटीत ठेवला. तेव्हा उजेडात दिसलं, तिन्हींना चुना फासलेला होता.

‘‘तुमचेच हायेत का?’’

‘‘आमचेच. तिकोन भेटला व्हता गाडीसंग, तो ढाब्यावर चोरीले गेला. गोटे कोनी नेत नाही.’’

मागचे दिवे अजून नव्हतेच. कुरणखेडच्या अलीकडे एक इलेक्ट्रिशियन आहे, तिथवर जाऊ म्हणाला. मग मी त्याच्या मागे राहिलो. पुढे तो, मागे माझ्या गाडीचे लुकलुकते दिवे, तीसच्या वेगानं, डाव्या बाजूनं. वाटेत सात-आठ मोटरसायकली आम्हाला ओलांडून गेल्या. शेवटची साइडपट्टीवरून, डावीकडून गेली. मागे बसलेल्या बाईनं एका हातानं पोराला आवळलं होतं आणि दुसऱ्या हातात घट्ट धरलेला स्टीलचा डबा माझ्या दिव्यात क्षणभर चमकला. मी हॉर्न दाबला नाही, दचकली तर तोल जाईल म्हणून. काटेपूर्णेचा पूल येईपर्यंत त्यांचा लाल दिवा दिसत होता.